फूड बँकेला किराणा देताना: आधी फोन, मग पिशवी

फूड बँकेत, म्हणजे दान आलेलं अन्न गोळा करून गरजूंना पोचवणाऱ्या केंद्रात, आलेल्या सामानाची निवडानिवड करायला मी बसते. टेबलाच्या एका बाजूला वाटपाचं, दुसऱ्या बाजूला फेकायचं. फेकायच्या बाजूला जे जातं, तेही चांगल्या मनानेच आलेलं असतं. फक्त पिशवी भरताना तारीख वाचलेली नसते, पाकीट उलटं करून पाहिलेलं नसतं, किंवा इथे काय हवंय हे कुणाला विचारलेलं नसतं. या फेकण्याचाही खर्च होतो. निवडणाऱ्यांचा वेळ जातो, कचरा उचलायला पैसे पडतात आणि ज्या फळीवर तेल-डाळ राहिली असती ती जागा अडते.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. आपण सहसा उलट्या बाजूने सुरुवात करतो: आधी कपाट रिकामं, मग खोकं भरून तयार, आणि दारात पोचल्यावर प्रश्न, "हे चालेल ना?"

टप्पा १: पिशवीला हात लावण्याआधी विचारा

फोन करा किंवा त्यांच्या पानावर गरजेची ताजी यादी असेल तर ती वाचा. मागच्या वर्षीची यादी धरून चालू नका. गरज आठवड्याला बदलते. विचारायचं एवढंच:

1. सध्या चणचण कशाची आहे आणि ढीग कशाचा पडलाय?
2. तारखेला किमान किती दिवस शिल्लक हवेत?
3. तुमच्याकडे फ्रिज आणि फ्रीझर आहे का, आणि त्यात आज जागा आहे का?
4. सामान कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या दाराने आणायचं?
5. कोणती वस्तू अजिबात घेत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात. मोठी फूड बँक बरेचदा गोदामासारखी चालते. ती माल गोळा करते, निवडते आणि छोट्या वाटप केंद्रांना पुरवते. त्या फेऱ्यात काही आठवडे सहज जातात, म्हणून दहा दिवसांत संपणारं पाकीट तिच्या कामाचं नसतं. तेच पाकीट रोज ताटं वाढणाऱ्या सामुदायिक स्वयंपाकघरात दुसऱ्याच दिवशी वापरलं जाईल. तेव्हा एकीकडे नकार आला तर रागावू नका. "मग हे कुठे चालेल?" असं त्यांनाच विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं.

घरातलं काही द्यायचं नसून खास विकत आणून द्यायचं असेल, तर आणखी एक प्रश्न: "वस्तू देऊ की पैसे?" फूड बँक घाऊक भावाने घेते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत तिच्या हाती जास्त माल येतो. मला स्वतःला हातात पिशवी घेऊन जायला आवडतं, पण महिन्याच्या शेवटी तेल संपलेलं असतं तेव्हा पैसेच उपयोगी पडतात.

*थांबा, तपासा:* पाचही उत्तरं कागदावर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ज्या घरात हे जाणार आहे, तिथली चूल डोळ्यांसमोर आणा

आपल्याकडे काय उरलंय यापेक्षा तिकडे काय शिजेल, इथून सुरुवात करा. ज्यांच्या घरी हे सामान जातं, त्यांतल्या काहींकडे एकच शेगडी असते, काहींकडे फ्रिज नसतो, काही जण कामचलाऊ निवाऱ्यात राहतात आणि त्यांच्याकडे गरम पाण्यापलीकडे सोय नसते.

तांदूळ, पीठ, डाळी, पास्ता, ओट्स, डबाबंद भाज्या आणि कडधान्यं, डबाबंद मासे, शेंगदाण्याचं बटर, टिकाऊ दूध ही नेहमी लागणारी मंडळी. पण ज्याशिवाय ती शिजत नाहीत तेच द्यायला लोक विसरतात: तेल, मीठ, साखर, मसाले, चहा. तांदळाची दहा पाकिटं येतात आणि तेलाची एक बाटली. पाच पाकिटं तांदूळ देण्याऐवजी तीन तांदूळ, एक डाळ, एक तेल आणि मिठाचा पुडा दिलात तर त्या घरात त्याच संध्याकाळी जेवण होतं.

इंधनाचाही विचार करा. सुकी कडधान्यं स्वस्त आणि पौष्टिक खरी, पण ती रात्रभर भिजवावी लागतात आणि बराच वेळ शिजवावी लागतात. राजम्याच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी ओतून देऊन ताज्या पाण्यात अर्धा तास तरी खळखळून उकळला नाही, तर उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रास देऊ शकतो. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, नुसता गरम केला तरी पुरे. शेगडीची खात्री नसेल तिथे डबाच द्या.

डबे घेताना ओढून उघडायची कडी असलेले निवडा. ओपनर सगळ्यांकडे नसतो, आणि सुरीने डबा उघडताना हात कापतो.

आता आकाराबद्दल. पंचवीस किलोचं पोतं दिसायला भरघोस, पण ते वाटायचं कसं? सुटं करून पिशव्यांत भरलं की मूळ लेबल, तारीख आणि घटकांची यादी मागे राहते, आणि बऱ्याच ठिकाणी असं सुटं करायची परवानगीच नसते. अर्धा किंवा एक किलोची बंद पाकिटं सगळ्यात सोयीची. एकट्या राहणाऱ्या, फ्रिज नसलेल्या माणसाला सॉसची मोठी बरणी दिली, तर उघडल्यावर अर्धी फुकट जाते.

मधुमेह आणि रक्तदाब असलेली माणसंही इथे येतात. कमी मिठाचे डबे आणि साखर न घातलेली फळं, ओट्स त्यांच्यासाठी मोलाची ठरतात. खाण्यापलीकडचं सामान बहुतेक ठिकाणी आनंदाने घेतात, विशेषतः सॅनिटरी पॅड, डायपर, साबण, टूथपेस्ट. मात्र विचारून.

*सावधान:* बाळासाठीची दूध पावडर भावनेच्या भरात देऊ नका. आधी विचारा, सीलबंद आणि तारखेतलीच द्या. ही पावडर निर्जंतुक नसते. ती कालवायला किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी घ्यावं आणि मग दूध निववून पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत, जिथे स्वच्छ पाणीच नसतं, तिथे तर अशी पावडर दान म्हणून सरसकट पाठवू नये असं ही संघटना आणि युनिसेफ दोघेही सांगत आले आहेत. आणि बाळाच्या पिशवीत मध कधीही घालू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

टप्पा ३: तारीख वाचा, नीट वाचा

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त सामान इथे बाद होतं. सगळ्या तारखा एका अर्थाच्या नसतात.

*युज बाय*, म्हणजे या दिवसापर्यंतच वापरा: ही सुरक्षिततेची तारीख. दूध, मांस, मासे, तयार थंड पदार्थ अशा नाशवंत मालावर असते. ती उलटली की पदार्थ दिसायला, वासाला ठीक असला तरी द्यायचा नाही. आजार देणारे जंतू वास देतातच असं नाही.

*बेस्ट बिफोर*, म्हणजे या तारखेपर्यंत उत्तम: ही दर्जाची तारीख. ती उलटल्यावर बिस्किट मऊ पडेल, चव उतरेल, पण सीलबंद आणि नीट ठेवलेला कोरडा माल लगेच अपायकारक होत नाही. काही फूड बँका अशा वस्तू ठराविक मुदतीपर्यंत घेतात, काही मुळीच घेत नाहीत. काही देशांत कायदाही आड येतो. तुमच्या फोनमधला दुसरा प्रश्न यासाठीच होता.

*एक्सपायरी*: उलटली की विषय संपला. बाळाचं दूध आणि आजाऱ्यांसाठीचं पूरक अन्न यांत तर एका दिवसाचीही सूट नाही, कारण त्यांतली पोषणमूल्यं लेबलवर लिहिल्याप्रमाणे भरतील याची हमी त्या तारखेपर्यंतच असते.

आता वाचताना होणाऱ्या चुका.

पहिली: तयार केल्याची तारीखच शेवटची तारीख समजणं, किंवा उलट. पाकिटावर एकच तारीख ठळक असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "पॅकिंगपासून ९ महिने" असं छापलेलं असतं. हा हिशेब घरीच करा आणि निघालेली तारीख मार्करने पाकिटाच्या पुढच्या बाजूला लिहा. छापील तारखेवर मात्र ना मार्कर चालवा, ना स्टिकर डकवा.

दुसरी: ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? आयात मालावर महिना आधी असू शकतो. दुसरी एखादी तारीख त्याच पाकिटावर असेल तर ताडून पाहा. उलगडा होत नसेल तर दोहोंपैकी आधीची तारीख धरा.

तिसरी: उघडलेलं पाकीट तारखेत आहे म्हणून देणं. छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. उघडलं की ती संपली, मग वर क्लिप लावलेली असो की रबर.

तारखेवर विसंबलं तर फसवणारा माल म्हणजे तेलकट अंश असलेल्या वस्तू. गव्हाचं कोंड्यासकट पीठ, बिनपॉलिशचा तांदूळ, सुकामेवा, तीळ. यांतलं तेल हवेने आणि उष्णतेने खवट होतं, म्हणून ही मंडळी मैदा किंवा पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर उतरतात. चुलीजवळच्या फळीवर उन्हाळा काढलेलं पीठ तारखेत असलं तरी देऊ नका.

डब्यांमध्येही फरक आहे. टोमॅटो, अननस असे आंबट पदार्थ डब्यात दीड वर्षापर्यंत चांगले राहतात. मका, वाटाणा, मासे यांसारखे कमी आंबट पदार्थ दोन ते पाच वर्षं टिकतात. म्हणून कपाटातल्या टोमॅटोच्या डब्याकडे आधी पाहा.

*थांबा, तपासा:* सगळं सामान तारखेप्रमाणे ओळीत मांडा. ज्याची तारीख सापडत नाही, ते ओळीतून बाहेर.

टप्पा ४: डबा हातात फिरवा, पाकीट उजेडात धरा

डोळे आणि बोटं दोन्ही वापरा. डबा घ्या आणि वरच्या-खालच्या कडेवरून बोट फिरवा. उभी शिवण आणि दोन्ही टोकांच्या कडा या डब्याच्या नाजूक जागा. मधल्या भागात उथळ, गुळगुळीत पोचा असेल तर सहसा चालतं. पोचा शिवणीवर किंवा कडेवर असेल, टोकदार असेल, किंवा इतका खोल असेल की बोट आत बसतं, तर डबा बाद. तिथे केसाएवढी फट पडली तरी हवा आणि जंतू आत जातात.

गंज कापडाने पुसून जात असेल तर ठीक, खरवडून खड्डा दिसत असेल तर नाही.

फुगलेला डबा ही सगळ्यात गंभीर गोष्ट. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून पाहा. टोक आत जाऊन "टक्" करून परत वर येत असेल, किंवा नुसतं बघूनच बाहेर आलेलं दिसत असेल, तर आत वायू झाला आहे. हा बोट्युलिझमचा इशारा असू शकतो. त्याचं विष मज्जासंस्थेवर हल्ला करतं, श्वास बंद पडू शकतो, आणि ते चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही. असा डबा उघडू नका, चाखू नका, वास घेऊ नका. पिशवीत गुंडाळून, तोंड बांधून, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा कचऱ्यात टाका.

काचेच्या बरणीत झाकणाचा मध्य पाहा. दाबल्यावर हलत असेल तर सील गेलं. कडेला चिकट ओघळ असेल तरी गेलं.

आता पाकिटं. पीठ, रवा, तांदूळ यांचं पाकीट खिडकीशी धरा आणि कोपरे पाहा. परवाच एक पिठाचं पाकीट हातात आलं होतं. तारखेला चार महिने बाकी, वरून अगदी नवं. तळाच्या घडीपाशी उजेड धरला तेव्हा पिठाच्या दोन-तीन गोळ्या हवेत लटकल्यासारख्या दिसल्या. ते जाळं होतं, पतंगाच्या अळीचं. पाकिटाला टाचणीएवढं भोक होतं. त्याच खोक्यातलं शेजारचं रव्याचं पाकीटही मग बाजूला ठेवावं लागलं.

तांदळातले सोंडे दाण्याच्या आतच अंडी घालतात, त्यामुळे किडा दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तळाशी साचलेली पांढरी भुकटी आणि दाण्यांना पडलेली बारीक भोकं शोधा. कपाटात एका पाकिटात कीड निघाली, तर त्या फळीवरचं प्रत्येक पाकीट संशयित. आपण ते घरी निवडून, चाळून, ऊन दाखवून वापरू. फूड बँकेत मात्र ते गेलं तर पूर्ण गोदामात कीड पसरते.

लेबल फाटलेलं असेल तर वस्तू द्यायची नाही, हे कित्येकांना पटत नाही. "आत वाटाणेच आहेत, मला माहीत आहे." तुम्हाला आहे, घेणाऱ्या आईला नाही. तिच्या मुलाला शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ किंवा मासे यांपैकी कशाची ॲलर्जी असेल, तर तिच्याकडे तपासायला ते लेबल एवढंच असतं.

घरी केलेली लोणची, मुरंबे, बरण्यांत टिकवलेल्या भाज्या, शिजवलेलं उरलेलं अन्न, सुटं भरलेलं धान्य हेही याच कारणाने बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. तुमच्या हाताच्या स्वच्छतेवर शंका नसते. आंबटपणा किती, घटक कोणते, कधी केलं, हे तपासायची सोय तिथे नसते.

*सावधान:* औषधं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि दारू खाण्याच्या सामानात मिसळून देऊ नका.

टप्पा ५: ताजं आणि थंड द्यायचं असेल तरच

पहिल्या टप्प्यातल्या तिसऱ्या प्रश्नाला (फ्रिज आणि जागा) "हो" आलं असेल तरच हा टप्पा तुमच्यासाठी आहे.

फ्रिजचं अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गोठवलेलं उणे १८ किंवा त्याखाली राहायला हवं. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. नाशवंत पदार्थ या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहिला, किंवा बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असताना एक तासापेक्षा जास्त, तर तो देऊ नका. "एकूण" हा शब्द महत्त्वाचा: दुकान ते घर, घर ते केंद्र, दारातली रांग, सगळं मोजायचं. बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड पेटी घ्या आणि ही वस्तू सगळ्यात शेवटी भरा. वितळलेलं परत गोठवून देऊ नका.

फळं-भाज्यांत कडक, न कापलेल्या, न धुतलेल्या निवडा. धुतलं की ओल राहते आणि बुरशी लवकर धरते. बटाटे आणि कांदे वेगळ्या पिशव्यांत ठेवा. हिरवा पडलेला किंवा खूप मोड फुटलेला बटाटा काढून टाका, त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

टप्पा ६: भरणं

1. मजबूत, कोरडं खोकं घ्या. साबणाचं किंवा रसायनाचं जुनं खोकं नको.
2. एका खोक्याला १० किलोची मर्यादा धरा. उचलणारे बरेचदा वयस्क स्वयंसेवक असतात.
3. डबे तळाला, पाकिटं वर, काच कागदात गुंडाळून उभी आणि वेगळी. एक बरणी फुटली की त्या खोक्यातलं सगळं अन्न काचेच्या भीतीने टाकावं लागतं.
4. साबण, डिटर्जंट, फिनेल वेगळ्या खोक्यात. यात कुठलीही तडजोड नको. पाकीट फाटलं नाही तरी डिटर्जंटचा वास तांदळात उतरतो आणि शिजवल्यावरही जात नाही.
5. खोक्यावर बाहेरून लिहा: आत काय आहे, आणि सर्वांत जवळची तारीख कोणती. गोदामात ज्याची तारीख आधी तो माल आधी बाहेर, या नियमाने काम चालतं. तुमची एक ओळ तिथल्या माणसाची दहा मिनिटं वाचवते.

शेजारी किंवा सहकारी मिळून गोळा करत असाल तर "काहीही द्या" असं म्हणू नका. प्रत्येकाला एकच वस्तू नेमून द्या: तुम्ही तेल, त्यांनी डाळ. तिसरा आणि चौथा टप्पा गोळा करण्याच्या जागीच उरकून घ्या, म्हणजे बाद माल फूड बँकेपर्यंत पोचणारच नाही.

*थांबा, तपासा:* खोकं हळूच हलवा. आत काही सरकतंय, गळतंय? मग परत उघडा.

टप्पा ७: पोचवणं

ठरलेल्या वेळीच जा. बंद दारापुढे खोकं ठेवून येणं ही सगळ्यात वाईट सवय. रात्रीत पाऊस, उंदीर, कुत्री, ऊन यांतलं काहीतरी लागतंच, आणि मग किती वेळ ते बाहेर होतं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अख्खं खोकं टाकतात. गाडीच्या डिकीत दोन दिवस उन्हात ठेवलेलं सामानही नको.

माल माणसाच्या हातात द्या. जवळच्या तारखेच्या वस्तू दाखवा, थंड पेटी आधी उतरवा, काचेचं खोकं कोणतं ते सांगा. एखाद्या वस्तूबद्दल तुम्हालाच शंका असेल तर ती लपवू नका, "हा डबा जरा बघता का?" असं म्हणा. पोचपावती हवी असेल तर तेव्हाच मागा.

निघण्याआधी शक्य असेल तर पाच मिनिटं थांबा आणि तुमचं खोकं उघडलं जाताना बघा. काय बाजूला पडलं ते विचारा. मला पहिल्यांदा कुणी दाखवलं होतं तेव्हा माझ्या अकरा वस्तूंतल्या तीन बाजूला गेल्या होत्या: लेबल नसलेला एक डबा, सुटी भरलेली डाळ, आणि शिवणीवर पोचा असलेला टोमॅटोचा डबा. हातातल्या कागदाच्या मागे मी पुढच्या वेळची यादी लिहिली, आणि वर पहिल्या ओळीत लिहिलं: तेल, लहान बाटल्या, चार.